एक्केचाळीस ठिपके

“सर, हवालदार दिवसा एका ठिकाणी असतो आणि झोपायला दुसरीकडं जातो. त्याला कुठं दाखवायचं?”

प्रश्न संज्योत आवळेचा होता. सहावी ‘ब’चा अख्खा वर्ग फरशीवर गुडघे टेकून बसला होता आणि मधे चार ड्रॉइंग शीट चिकटवून केलेला नकाशा पसरला होता. हवालदार म्हणजे तळ्याच्या चौकात भर रस्त्यात बसणारा, एक कान तुटका कुत्रा. एस.टी. आली तरी तो उठायचा नाही. एस.टी.च वळसा घालून जायची.

“दोन्हीकडं दाखव की,” मी म्हटलं.

“मग मोजताना दोन हवालदार होतील.”

“मग काय करूया?”

तिने पेन्सिल गालावर टेकवली. “झोपतो तिथंच दाखवू. बसायची जागा तो बदलतो, झोपायची नाही. रोज पिठाच्या गिरणीच्या पायरीवर.”

तिने गिरणीशेजारी लाल ठिपका दिला. तो एक्केचाळिसावा.

त्या नकाशाचं प्रमाण आम्हीच ठरवलं होतं. एक बोट म्हणजे पन्नास पावलं. मुलांनी तळ्याभोवतीचा सगळा रस्ता पावलांनी मोजून काढला होता. आणि नकाशाच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक नियम लिहिला होता, तो मी पस्तीस वर्षं प्रत्येक वर्गाला शिकवला: जे आहे ते दाखवायचं. आवडत नाही म्हणून गटार वगळायचं नाही, आवडतं म्हणून देऊळ मोठं काढायचं नाही.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. आमच्या शिरटेकमध्ये तेव्हा आंतरराष्ट्रीय मोटार शर्यत होणार होती. शिरटेक म्हणजे गॅरेजांचं गाव. ट्रकच्या बॉड्या बांधायच्या, इंजिनं उघडायची, ही इथली विद्या. पण नऊ देशांतले चालक आमच्या तळ्याभोवती गाड्या पळवणार, हे कुणाला खरं वाटत नव्हतं. मला मात्र वाटत होतं. मी आयुष्यभर त्याचीच वाट बघत होतो. कॉलेजात असताना मी दोन रात्री रेल्वेत बसून मद्रासजवळच्या शर्यती बघायला गेलो होतो. रेडिओवर खरखरीतून निकाल ऐकायचो. भूमितीत वर्तुळाची स्पर्शिका शिकवताना फळ्यावर गाडी काढायचो. मुलं म्हणायची, हेरवाडे सरांना वळण दिसलं की भूमिती आठवते.

शर्यतीआधी दोन महिने परदेशी तपासनीस रस्ता बघायला आले. नवं डांबर पडलं होतं, कडेला टायरांच्या भिंती उभ्या होत्या. साहेब चौकातून चालत होते आणि रस्त्याच्या मधोमध हवालदार बसला होता. त्यांनी टाळी वाजवली. हवालदाराने त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली ठेवली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. आठवड्याने पत्र आलं की रस्त्यावर एकही जनावर येणार नाही याची खात्री नसेल तर शर्यत दुसऱ्या शहराला जाईल.

आता, गाडी तासाला दोनशेच्या वेगाने येते आणि समोर कुत्रं आलं तर कुत्र्याबरोबर माणूसही मरतो. साहेबांचं चुकलेलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक किणीकर माझा जुना विद्यार्थी. धनाजी किणीकर, अक्षर सुंदर, गणितात कच्चा. तो घरी आला आणि सोफ्याच्या कडेवर बसला.

“सर, महिनाभर गाडी फिरवतोय. दोन कुत्री सापडली. गाडीचा आवाज लांबनं ओळखतात ती. वळली की गल्ली मोकळी.”

“कुठं जातात?”

“ते कळलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?”

“मुलांना माहीत असतं,” मी म्हणालो.

हे मी म्हणालो. त्याने विचारलं नव्हतं.

“म्हणजे?”

“कुठलं कुत्रं कुठं झोपतं, कुणाच्या हद्दीत कोण जातं. मुलांना सगळ्यांची नावं ठाऊक असतात. माझ्या वर्गाला नकाशा शिकवायचाच आहे. तळ्याभोवतीचा करतो.”

किणीकर माझ्याकडे बघत राहिला. आतून माझी बायको विमल चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, “आणि पकडून करणार काय त्यांचं?”

“बाजार समितीचं जुनं गोदाम आहे की, काकू. चार दिवस तिथं ठेवायची. खायला घालायचं. शर्यत संपली की सोमवारी सकाळी ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या गल्लीत सोडायचं.”

“नक्की?” मी विचारलं.

“तुमच्यापुढं खोटं बोलीन का सर?”

विमलने कप उचलले. आमच्या घरात संध्याकाळी दिवा लावताना त्यावर जाळी ठेवतात, किडा पडून मरू नये म्हणून. ती जाळी तिच्या आईने दिलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला विचारलं, असा नकाशा करायचा का. कुत्री कशासाठी पकडायची, तेही सांगितलं. मग संज्योत म्हणाली, “परत सोडणार ना?”

तिचे आईवडील तिसऱ्या वळणाशी चहाचा गाडा लावायचे. त्यांच्या गाड्याखाली टिकली झोपायची. पांढरी कुत्री, कपाळावर तपकिरी डाग.

“सोमवारी सकाळी,” मी म्हणालो.

“तुम्ही सांगताय ना? की पालिका सांगतीय?”

“मी सांगतोय.”

मग काम सुरू झालं आणि मला सांगायला लाज वाटते की शिक्षक म्हणून ते माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे दिवस होते. ज्या पोरांना सातआठे छप्पन्न येत नव्हतं ती पावलांना पन्नासने भागत होती. कुत्र्यांच्या हद्दीवरून वाद व्हायचे. “बिस्किट गिरणीच्या पुढं येत नाही, सर. हवालदार फाडंल त्याला.” “खुळ्या, बिस्किट त्याचाच पोरगा हाय.” एका काळ्या, टकल्या कुत्र्याचं नाव त्यांनी मला सांगितलं नाही. नुसतं हसत राहिले. नंतर सूचीत बघितलं तर त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘मास्तर’.

किणीकर नकाशा बघायला वर्गात आला तेव्हा उभाच राहिला. बराच वेळ त्याने बोटाने एकेक ठिपका मोजला. “मला शिकवताना असलं काय केलं नव्हतं सर तुम्ही,” असं म्हणाला. त्याने नकाशाची नक्कल काढून घेतली. मूळ नकाशा भिंतीवर राहिला. जाताना त्याने दाराशी थांबून अजून एक विनंती केली.

“मुलं आली असती गुरुवारी पहाटे तर. त्यांनी हाक मारली की कुत्री येतील. मग फास नको, काठी नको. जनावराला त्रास नाही.”

जनावराला त्रास नाही, हे मला पटलं.

गुरुवारी सहाच्या सुमाराला, अजून धुकं होतं, बावीस मुलं आली. बंद जाळीची गाडी इंजिन बंद करून ढकलत आणली होती, आवाज होऊ नये म्हणून. प्रत्येक ठिपक्याशी एकेक मूल जाऊन हळू आवाजात हाक मारायचं. कुत्री शेपट्या हलवत यायची. पायरीवरून हवालदार उठत नव्हता, तेव्हा दोघांनी मिळून त्याला उचललं आणि त्याने उचलू दिलं. गाडीत चढताना तो मागे वळून मुलांकडे बघत होता, ती येतायत का म्हणून. संज्योतने टिकलीच्या गळ्यात आपली शाळेची लाल रिबीन बांधली.

“कशाला?” मी विचारलं.

“सोमवारी सोडताना दुसऱ्या गल्लीत सोडतील. पांढरी तीन हाईत.”

साडेसातपर्यंत एक्केचाळीसही गाडीत होती. एकदाही फास वापरावा लागला नाही. मुलांनी घरोघर मागून आणलेल्या भाकरीची दोन पोती गाडीवर टाकली. किणीकरने मला बाजूला घेऊन एक लांबट पाकीट दिलं. आत शर्यतीचा पास होता. तिसरं वळण, पुढून दुसरी रांग.

“मी मागितला नव्हता रे,” मी म्हणालो.

“तुम्ही मागणार नाही हे मला माहीत आहे, सर.”

शुक्रवारी सराव झाला. घरात बसून आवाज ऐकला. खिडक्यांच्या काचा हलत होत्या आणि मला पोरासारखा आनंद होत होता.

शनिवारी सकाळी संज्योत दारात आली. गाडा चार दिवस हलवायला लावला होता, म्हणून ती मावशीकडे राहत होती. हातात पितळी डबा होता.

“टिकलीला दूधभाकरी. नुसती भाकरी ती खात नाही. आम्हाला तिकडं सोडत नाहीत. तुम्ही जाल का?”

मी सायकल काढली. बाजार समितीचं गोदाम गावाबाहेर दीड मैलावर. दुरूनच मला चुकल्यासारखं वाटलं, कारण काही ऐकू येत नव्हतं. एक्केचाळीस कुत्री एका छपराखाली असली तर आवाज होतो. फाटक उघडं होतं. आत फरशी होती. पेंढा नाही, पाण्याचं भांडं नाही, एक केस नाही. कोळ्यांची जाळी दाराच्या वरच्या कोपऱ्यात अखंड होती.

दारालगत भाकरीची दोन पोती होती. तोंडं शिवलेली, जशी मुलांनी दिली होती तशी. दोन दिवसांच्या उन्हाने आतल्या भाकरीला बुरशी आली होती आणि पोत्याला ओल सुटली होती. तो वास अजून माझ्या नाकात आहे. आंबट, दमट वास. मी डबा तसाच सायकलला अडकवला आणि मागे फिरलो.

किणीकर शर्यतीच्या रस्त्यावर, टायरांच्या भिंतीशी सापडला. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. माझ्या हातातला डबा बघून त्याला कळलं.

“चला, सावलीत बसू सर.”

“कुठं आहेत?”

“उन्हातनं आलाय. पाणी घ्या आधी.”

“धनाजी, कुत्री कुठं आहेत?”

त्याने वॉकीटॉकी बंद केला. “गुरुवारीच झालं ते. घाटाखाली नेऊन. पेढ्यातनं दिलं. तासाभरात सगळं.”

वर कुठेतरी इंजिनं सुरू होत होती. मला बोलायला थांबावं लागलं. आवाज कमी झाल्यावर मी म्हणालो, “तू मला शब्द दिला होतास.”

“सर, खरं सांगू? तुम्हाला खरंच वाटलं होतं?” तो उद्धट नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. “एक्केचाळीस कुत्री चार दिवस सांभाळायची. कुणी? गेल्या पुरात माणसं शाळेत आणून ठेवलेली, त्यांना दोन वेळचं जेवण द्यायला जमलं नाही आम्हाला. तुम्हीच तेव्हा घरनं भात आणून वाढला होता. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मी डबा दुसऱ्या हातात घेतला.

“उद्या एखादं पोरगं गाडीत जळून मेलं असतं तर? दुसऱ्या देशाचं पोरगं, आपल्या गावात? मी काय करायला पाहिजे होतं, तुम्ही सांगा.”

“मला सांगायला पाहिजे होतंस.”

“सांगितलं असतं तर नकाशा दिला असता?”

तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली. तो उठला, धूळ झटकली आणि नेहमीसारखा माझ्या पायांकडे वाकला. “तुमची जागा चांगली आहे सर. ब्रेक कुठं लावतात ते तिथनंच दिसतं.”

येताना मी तळ्याच्या बांधावर डबा उघडला आणि दूधभाकरी पाण्यात सोडली. मासे आले. घरी विमलने न विचारता डबा घासून पालथा ठेवला.

त्या रात्री मी जेवलो नाही. रविवारी सकाळी पास कपाटात, धोतरांच्या खाली होता. जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. दीड वाजता इंजिनं सुरू झाली. आधी एक, मग सगळी. त्या आवाजाची मी चाळीस वर्षं वाट बघितली होती आणि तो माझ्या घरापासून पाऊण मैलावर होता.

“नुसता बांधावर उभा राहून येतो,” मी विमलला म्हणालो.

ती तांदूळ निवडत होती. “टोपी घेऊन जा. ऊन आहे,” ती म्हणाली.

मी बांधावर थांबलो नाही. पास माझ्या खिशात होता. कपाटातून तो मी कधी काढला हे मला आजही आठवत नाही, पण माझ्याशिवाय तो कुणी काढलेला नाही.

आणि शर्यत सुंदर होती. हेही लिहायला हवं. चोवीस गाड्या पुलावरून खाली यायच्या आणि तिसऱ्या वळणापाशी, जिथे चहाचा गाडा लागायचा, तिथे एका श्वासात वेग निम्मा करायच्या. फळ्यावर मी काढायचो तीच रेषा, बाहेरून आत, आतून बाहेर. एक बुटका पोरगा, निळ्या गाडीतला, दरवेळी इतरांपेक्षा दोन हात उशिरा ब्रेक लावत होता. नवव्या फेरीत त्याने तिथेच दोघांना मागे टाकलं. मी उभा राहिलो. ओरडलो. शेजारी एक मुंबईचा माणूस होता, त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला.

मग चौदाव्या फेरीत रस्त्यावर काहीतरी पांढरं आलं. हजारो माणसं एकदम श्वास रोखून उभी राहिली. पिवळे झेंडे हलले. ते प्लॅस्टिकचं पोतं होतं, वाऱ्याने आलेलं. गाड्या त्यावरून गेल्या. लोक हसले.

“मला वाटलं कुत्रं,” मुंबईचा माणूस म्हणाला. “पण मानलं पाहिजे हां तुमच्या गावाला. तीन दिवस बघतोय, एक कुत्रं दिसलं नाही. कसं काय जमवलं?”

“नकाशा केला होता,” मी म्हणालो.

“वा. कुणी?”

“माझ्या वर्गानं.”

हे मी अभिमानाने सांगितलं. तोंडातून शब्द गेले तेव्हा मला अभिमानच वाटत होता. मग पोत्याचा तो आंबट वास आला. तिथे तो असणं शक्य नव्हतं, तिथे फक्त रबर आणि पेट्रोल होतं. तरी आला. आणि तरीही मी उठलो नाही. शेवटच्या फेरीपर्यंत बसलो. निळी गाडी दुसरी आली.

सोमवारी सकाळी शाळेच्या आधी मुलं गिरणीपाशी जमली होती. कुत्र्यांची गाडी यायची म्हणून. मला ते शाळेत पोचल्यावर कळलं. मुलं वर्गात उशिरा आली, एकामागून एक. संज्योत शेवटी आली. मी तिचा डबा टेबलावर ठेवला होता.

तिने तो उचलला, झाकण उघडून आत बघितलं. “सगळं खाल्लं तिनं?”

खोटं बोलणं तेव्हा फार सोपं होतं. हो म्हटलं असतं, आणि पालिकेने दुसरीकडे सोडली म्हटलं असतं, तर मुलं आठवडाभर शोधत राहिली असती आणि मग विसरली असती.

“नाही. मासळ्यांनी खाल्लं,” मी म्हणालो. आणि उभा राहून, फळ्याला पाठ टेकून, सगळं सांगितलं. घाट, पेढे, गुरुवार. कुठलाही शब्द मऊ केला नाही. दोनतीन मुलं रडली. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, “हाक तर आम्हीच मारली.” त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. मी त्याला म्हणायला हवं होतं की हाक माझी होती. ते मला चार दिवसांनी सुचलं.

संज्योत रडली नाही. तिने विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“शनिवारी. तुझा डबा घेऊन गेलो तेव्हा.”

“आणि काल?”

“काल काय?”

“माझे बाबा रस्ता झाडायला होते काल. ते म्हणाले, तुझे सर दिसले.”

“गेलो होतो,” मी म्हणालो.

ती भिंतीपाशी गेली. स्टुलावर चढून तिने नकाशाच्या चारी टाचण्या काढल्या, नकाशा फरशीवर पसरला आणि गुडघे टेकून बसली. हळूहळू बाकीची मुलंही भोवती येऊन बसली, जशी महिनाभर बसायची तशी. एकाने खोडरबर पुढे केला.

“पुसायचं नाही,” ती म्हणाली. “होती ना ती.”

मग तिने कंपासपेटीतून निळी पेन्सिल काढली आणि माझ्याकडे मान वर करून बघितलं. आवाजात राग नव्हता. हवालदाराची जागा विचारली होती त्याच आवाजात तिने विचारलं, “सर, तुम्ही कुठं बसला होता?”

मी खाली वाकलो. तिसरं वळण, आतली बाजू. मी बोट ठेवलं.

“किती पावलं? चहाच्या गाड्यापासनं?”

“वीसएक.”

तिने बोट आडवं धरून अंदाज घेतला आणि टिकलीचा लाल ठिपका होता त्याच्या शेजारी निळा ठिपका दिला. खाली खुणांच्या सूचीत एक ओळ वाढवली. अक्षर चांगलं होतं. ‘निळा ठिपका – सर.’

घंटा झाली तेव्हा मुलं बाहेर गेली. मी एकटाच फरशीवर बसलो आणि सवयीने अंतर तपासून बघितलं. बोटाच्या अर्ध्याहून थोडं कमी. बरोबर होतं.